क्षमा केली, मग पदही परत द्यायचं का?

ओलावा

आमच्या मंडळीच्या कमिटीकडे एक पत्र आलंय. लिहिणारा माणूस पूर्वी आमच्याकडे तरुणसंघ चालवायचा. संघातल्याच एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो आता बाहेर आला आहे. लिहितो, "प्रभूने मला क्षमा केली आहे, मंडळीनेही करावी आणि पुन्हा सेवेची संधी द्यावी." तरुणसंघाचं नाव पत्रात नाही, पण गायनाच्या गटाचं आहे, आणि तिथे सगळी पोरंच असतात.

मुलीचं कुटुंब अजून आमच्याच चर्चमध्ये येतं.

कमिटीत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा असं प्रभू सांगतो, माणसानं कबुली दिली, शिक्षा भोगली, आता अडवणारे आपण कोण? दुसरा म्हणतो, पत्र फाडा आणि त्याला फाटकातही उभं करू नका. मला दोन्ही पटत नाही, आणि का पटत नाही ते बैठकीत मुद्देसूद मांडता येत नाही. म्हणून हा धागा.

गाव, पंथ, नावं विचारू नका. शास्त्राचा आधार आणि प्रत्यक्ष अनुभव असेल तर जरूर लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहायला हरकत नाही.

तिसरा_बाक

कमिटीला मत्तयचा १८वा अध्याय सुरुवातीपासून वाचायला लावा. सत्तर वेळांचं वचन २२वं आहे. त्याच अध्यायात ६व्या वचनात प्रभू म्हणतो की जो ह्या लहानांपैकी एकाला अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला खोल समुद्रात बुडवणं त्याच्या हिताचं. मधे १५ ते १७ मध्ये अपराध करणाऱ्या भावाचं काय करायचं ते पायरीपायरीनं सांगितलंय: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. तरी ऐकलं नाही तर तो तुला जकातदारासारखा, म्हणजे बाहेरचा. आणि एवढं सगळं झाल्यावर पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू?

आपल्याकडे उपदेश नेमका पेत्राच्या प्रश्नापासून सुरू होतो.

वकीलबाई

तिसरा_बाक, सहमत, फक्त १५वं वचन अशा प्रकरणाला लावू नका. "एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव" हे बरोबरीच्या दोघांसाठी ठीक आहे. लहान मुलीनं तिच्या गटप्रमुखाला एकांतात गाठून समज द्यायची? मी पाहिलेल्या एका प्रकरणात खरोखरच हे वचन काढून मुलीच्या वडिलांना विचारलं होतं की पोलिसांकडे जाण्याआधी भावाला एकट्याला भेटलात का. बऱ्याच देशांत बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्याची खबर पोलिसांना देणं कायद्यानं बंधनकारक आहे. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्यातही आहे. तिथे "आधी मंडळीत मिटवू" हा पर्याय शिल्लकच राहत नाही.

नास्तिक_नाना

बाहेरच्या माणसाचा भाबडा प्रश्न. पत्रात तो म्हणतो देवानं मला क्षमा केली. ठीक. पण गुन्हा मुलीविरुद्ध झाला ना? मग देवानं परस्पर हिशेब कसा मिटवला? मी तुमचे पैसे बुडवले आणि तिसऱ्यानंच येऊन सांगितलं "जा, माफ", तर तुम्हाला कसं वाटेल? मला तर ही क्षमा म्हणजे गुन्हेगाराची सोय वाटत आली आहे. कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, खरंच समजून घ्यायचंय.

निवृत्त_पाळक

नाना, प्रश्न भाबडा अजिबात नाही. मी ज्या वेदीवर उभा राहून बोललो तिथून तो फार कमी वेळा विचारला गेला.

दावीद राजाची गोष्ट घ्या, दुसरे शमुवेल, अध्याय ११ आणि १२. बथशेबाला राजवाड्यात आणवलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवलं. मग नाथान संदेष्टा येतो आणि एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो. श्रीमंतानं ती कोकरी पाहुण्यासाठी कापली. दावीद भडकून म्हणतो, त्यानं चौपट भरून द्यावं. नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच. गोष्टीत मध्यभागी कोण आहे बघा. ज्याची कोकरी गेली तो. दावीद नंतर ५१व्या स्तोत्रात "तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले" असं देवाला म्हणतो, आणि त्या एका ओळीच्या आधारानं कित्येकांनी समजूत करून घेतली की पाप हा देव आणि मी एवढ्यातला मामला. नाथानानं तसं समजू दिलेलं नाही. तो एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस, आणि तलवार तुझ्या घराला सोडणार नाही. क्षमा मिळाली. परिणाम टळले नाहीत. पुढचे सगळे अध्याय त्या परिणामांचेच आहेत.

आता जक्कय. प्रभू त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुरतात. जक्कय उभा राहून काय म्हणतो? मला क्षमा करा असं नाही म्हणत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण झाले आहे. हे मागून कोणी त्याच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. पश्चात्ताप खरा असला की माणूस आधी कोणाचं किती देणं लागतो ते मोजायला बसतो, असा माझा पाळकीय कामातला अनुभव आहे. पत्रात तो मुलीचं देणं मोजतोय का, एवढं ओलावाताईंनी बघावं. "मला सेवा द्या" हे मागणं झालं.

शिवाय पदाचं वेगळं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात अध्यक्ष कसा असावा याची यादी आहे, आणि त्यात बाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिलेली असावी असंही आहे. ही अट जो पूर्ण करत नाही त्याला क्षमा मिळालेली नाही असा कोणी अर्थ काढत नाही. साधा, पापभीरू, पण उतावळ्या स्वभावाचा माणूसही त्या यादीत बसत नाही.

गव्हाचा_दाणा

पाळकसाहेबांचा आदर ठेवून थोडं विरुद्ध बाजूनं.

मी तुरुंगात बायबल वर्ग घेतो, बरीच वर्षं. बाहेर आलेल्या माणसाला मंडळीनं दारातून परत पाठवलं तर तो कुठे जातो ते मला ठाऊक आहे. जिथे त्याला कोणी ओळखत नाही तिथे. तिथेही मुलं असतात, आणि तिथे कोणाचं लक्ष नसतं. "फाटकातही उभं करू नका" म्हणणाऱ्या गटाला हे सांगा. हाकलल्यानं धोका संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या पदरात पडतो.

आणि शास्त्राचंच म्हणाल तर पौल कोण होता? स्तेफनाला दगडमार होत असताना कपडे सांभाळत उभा होता, घराघरांत शिरून बायकापुरुषांना ओढून तुरुंगात टाकत होता. तो प्रेषित झाला. पेत्रानं तीनदा नाकारलं, त्याला प्रभूनं तीनदा "माझी मेंढरे चार" म्हटलं. वधस्तंभावरच्या चोराकडे तर काही भरून द्यायला वेळही नव्हता. भरपाई झाल्याशिवाय कृपा नाही असं म्हणायला लागलो तर मग आपण काय शिकवतो लोकांना? मला कमिटीतल्या पहिल्या गटाची अगदीच चेष्टा करावीशी वाटत नाही. त्यांच्या हातात सुवार्तेचा खरा धागा आहे, फक्त तो ओढायची त्यांना घाई झाली आहे.

तिसरा_बाक

पौलाचं उदाहरण दरवेळी येतं म्हणून: यरुशलेमेत तो आला तेव्हा शिष्य त्याला घाबरले, हा शिष्य आहे असा कोणाचाच विश्वास बसेना (प्रेषितांची कृत्ये ९:२६). त्याबद्दल कोणी त्यांना "तुमच्यात प्रीती नाही" म्हणून झापलेलं नाही. बर्णबानं मध्ये पडून, त्याची हमी घेऊन त्याला आत नेलं. पौलाला कोणीतरी हमी लागली. शिवाय तोच पौल पुढे रोमी सुभेदार फेस्ताच्या न्यायासनापुढे म्हणतो की मरणदंडाला योग्य असं काही मी केलं असेल तर मी मरण नाकारत नाही. आणि ज्या चोराला सुखलोक मिळाला त्यानं आधी शेजारच्याला सांगितलं, आपल्याला ही शिक्षा न्यायाने झाली आहे. खिळे काढून घ्या असं तो म्हणाला नाही.

पेत्रानं नाकारलं ते प्रभूला, मेंढरांना खाल्लं नव्हतं.

जपमाळ

मी कॅथोलिक, त्यामुळे शब्द थोडे वेगळे. आमच्याकडे पापस्वीकाराचे भाग शिकवतात: मनापासून दुःख, कबुली, आणि भरपाई म्हणजे प्रायश्चित्त. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात (परिच्छेद १४५९) स्वच्छ लिहिलंय की पापमुक्तीनं पाप निघतं, पण पापानं केलेली नासधूस आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करा, बदनामी केली असेल तर ती धुऊन काढा, जखमेची भरपाई द्या. म्हणजे शिकवणीत खोट नव्हती.

खोट वागण्यात होती. २००२ साली बॉस्टनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा जगाला दिसलं की अत्याचारी धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवत होते. बिशपांनी त्याकडे पाप म्हणून पाहिलं, गुन्हा म्हणून पाहिलं नाही. पाप कबूल केलं, उपचार झाले, चला नवीन नेमणूक. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी असे प्रकार कळल्यावर धर्मगुरू आणि धर्मभगिनींनी वरिष्ठांना कळवलंच पाहिजे असा नियम जगभरासाठी केला, त्याच वर्षी अशा खटल्यांवरचं 'पोपचं गुपित', म्हणजे ते गुप्त ठेवण्याचा नियम, उठवलं. कबुलीची गुप्तता मात्र आजही अभेद्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगानं २०१७ मध्ये शिफारस केली की पापस्वीकारात कळलं तरी पोलिसांना सांगावं, तिथल्या काही राज्यांनी कायदे केले, चर्चनं ते मान्य केलेले नाहीत. त्यावर माझंच मन दोन बाजूंनी ओढलं जातं, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

पण जुनी चर्च याबाबतीत आपल्यापेक्षा कडक होती. इ.स. ३९० मध्ये थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकुमानं लोकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोस यांनी सम्राटाला कळवलं की उघड प्रायश्चित्त केल्याशिवाय तू असताना मी मिस्सा करणार नाही. रोमन साम्राज्याचा धनी राजवस्त्रं उतरवून बाकीच्या पाप्यांसारखा चर्चमध्ये रडत उभा राहिला, तेव्हा कुठे त्याला आत घेतलं. आपल्याकडे गायनगटाच्या माणसाला थोडं थांब म्हणायला कमिटीची जीभ अडखळते.

नास्तिक_नाना

सम्राटाचं भारी आहे. पण जपमाळ, त्यानं सिंहासन सोडलं का? नाही ना. म्हणजे कत्तल करून, काही महिने रडून, राज्य चालूच. माझी शंका तिथेच आहे.

जपमाळ

नाना, बरोबर पकडलंत. सिंहासन अँब्रोसच्या हातात नव्हतं. वेदी होती, ती त्यांनी अडवली. मंडळीच्या हातात जेवढं आहे तेवढं तरी तिनं अडवावं, इतकाच माझा मुद्दा.

अनामिका

माझं चर्च वेगळं, प्रकरण वेगळं, पण कमिटीची वाक्यं अक्षर न् अक्षर तीच, म्हणून लिहिते.

मी चौदाची होते. माणूस वडीलमंडळातला. आईनं पाळकांच्या कानावर घातलं, मग आम्हाला बोलावणं आलं. टेबलावर चर्चच्या लेटरहेडवर टाइप केलेला कागद होता. "आम्ही सदर बंधूंस ख्रिस्ती प्रीतीने क्षमा केली असून आमची त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही." खाली आईच्या सहीसाठी रेघ. त्याखाली साक्षीदारांच्या दोन रेघा, त्यांवर सह्या आधीच झालेल्या. ज्या गोष्टीचे ते साक्षीदार, ती अजून घडायची होती. माझ्या नावाची रेघच नव्हती, मी अज्ञान ना.

मग त्याला आत बोलावलं. तो रडला. पाळक रडले. आईसुद्धा रडली आणि तिनं सही केली. मला रडू आलं नाही, तर एका बाईंनी नंतर आईला सांगितलं की पोरीचं मन कठीण होत चाललंय, प्रार्थनेत ठेवा. म्हणजे संध्याकाळपर्यंत पापी मी झाले होते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी घेऊन आमच्या रांगेपाशी तोच. मी थाळी तशीच पुढे सरकवली.

आज मी क्षमा केली आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर दर महिन्याला बदलतं. ते माझं आणि देवाचं चालू आहे. त्याची नोंद कुठल्या कमिटीच्या इतिवृत्तात यायला नको.

ओलावाताई, एकच विचारते. पत्र आल्याचं त्या मुलीला माहीत आहे का?

ओलावा

नाही. कुटुंबाला अजून काहीच माहीत नाही.

तिसरा_बाक

अनामिका, वाचून सुन्न झालो. तो कागद म्हणजे क्षमा नव्हती, पावती होती.

वकीलबाई

अनामिका, त्या कागदाला कायद्यात फारसं वजन नसतं, गंभीर फौजदारी गुन्हा आईच्या सहीनं मिटत नाही. पण तो करून घेणाऱ्यांना ते ठाऊक असावंच असं नाही. त्यांना घरात शांतता हवी असते.

कमिटीला दाखवायला काही माणसं सुचवते, ज्यांनी क्षमाही केली आणि न्यायही अडवला नाही.

रेचल डेनहॉलंडर. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्यावर २०१६ मध्ये नाव उघड करून पहिला आरोप हिनं केला. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा सुनावणीच्या वेळी दीडशेवर मुली-बायका बोलल्या, सर्वांत शेवटी ही. तिनं भर कोर्टात त्याला सांगितलं की मी तुला क्षमा करते, तुला खऱ्या पश्चात्तापाची जाणीव व्हावी अशी प्रार्थना करते, आणि त्याच निवेदनात न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली. ४० ते १७५ वर्षं झाली. चर्चमधल्या लोकांनी तिच्या भाषणाचा क्षमेचा तुकडा भरभरून वाटला, न्यायाचा तुकडा गाळून. याची तिनं स्वतः नंतर जाहीर तक्रार केली.

ग्लॅडिस स्टेन्स आपल्याला सगळ्यांना माहीत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला नवरा ग्रॅहम आणि फिलिप, टिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. तिनं मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. खटला मात्र त्याच्या वाटेनं गेला: दारा सिंगला २००३ मध्ये फाशी, २००५ मध्ये उच्च न्यायालयात ती जन्मठेप झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तिची क्षमा आणि कोर्टाचा निकाल एकमेकांना आडवे आले नाहीत.

आणि पोप जॉन पॉल दुसरे. मे १९८१ मध्ये गोळ्या लागल्या, चार दिवसांत रुग्णालयातूनच क्षमा केल्याचं सांगितलं. डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन गोळ्या झाडणाऱ्या अली अग्जाच्या शेजारी बसले. तो फोटो प्रत्येक पॅरिशच्या भिंतीवर असतो. फोटोत न दिसणारं एवढंच की भेट संपल्यावर पोप बाहेर आले आणि अग्जा इटलीच्या तुरुंगातच राहिला, २००० सालापर्यंत.

नास्तिक_नाना

ही तिन्ही माणसं असामान्य आहेत आणि तीच माझी अडचण आहे. असामान्य माणसाचं उदाहरण सामान्य माणसाच्या डोक्यावर मारलं जातं. "बघ, ग्लॅडिसबाईंनी केलं, तुला का जमत नाही?" २००६ मध्ये अमेरिकेत निकल माइन्सच्या शाळेत पाच आमिश मुली मारल्या गेल्या आणि आमिश लोक त्याच दिवशी मारेकऱ्याच्या घरच्यांना धीर द्यायला गेले, त्याचं जगभर कौतुक झालं. मलाही झालं. मारेकऱ्याच्या विधवेचा काय दोष. पण पुढे आमिश समाजातल्याच बायका पत्रकारांना सांगू लागल्या की घरात अत्याचार झाला की करणाऱ्यानं मंडळीपुढे कबुली द्यायची, काही आठवडे बहिष्कार, मग सगळ्यांनी विसरायचं. जी विसरत नाही ती पापी. एकाच समाजाची तीच क्षमा बाहेर फुलासारखी आणि घरात गळ्यातल्या दोरीसारखी.

निवृत्त_पाळक

नाना, तुम्ही उपदेश करायला हवा होता.

फरक मला असा दिसतो. निकल माइन्समध्ये क्षमा करणारे तेच होते ज्यांच्या मुली गेल्या. कोणी त्यांच्या वतीनं केली नाही. घरातल्या प्रकरणात मंडळी मुलीच्या वतीनं क्षमा करून मोकळी होते, कारण प्रकरण उघडं राहिलं तर इज्जत मंडळीची जाते. मंडळीला स्वतःची सुटका हवी असते आणि तिला ती क्षमा म्हणते. जर्मनीचे पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ मध्ये पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेला "स्वस्त कृपा" म्हटलं. मी एवढीच भर घालतो की ती देणाऱ्याला स्वस्त पडते. किंमत तिसऱ्याच कोणाकडून वसूल होते.

तिसरा_बाक

वतीनं वरून: रवी झकरायस. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांची प्रवचनं ऐकली असतील. मे २०२० मध्ये वारले, जगभरून श्रद्धांजल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. त्यात मसाज करणाऱ्या स्त्रियांवरच्या अत्याचारांची नोंद आहे, आणि एकीला त्यांनी बजावलं होतं की तू तोंड उघडलंस तर लाखो आत्मे हरवतील आणि त्याची जबाबदार तू. माणूस मेल्यावर उत्तर कोणाकडून मागायचं? पण ज्या संस्थेनं आधीच्या तक्रारीच्या वेळी त्यांचीच बाजू धरली ती तर जिवंत होती. क्षमा झकरायसांना करायची की नाही हा त्या बायकांचा प्रश्न. संस्थेनं मात्र उत्तर द्यायलाच हवं होतं.

प्रशासन

झकरायस यांच्या शिकवणीवर आलेले प्रतिसाद अवांतर म्हणून वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

गव्हाचा_दाणा

अनामिका यांचं वाचल्यावर माझा आधीचा सूर थोडा बदलून लिहितो, मुद्दा तोच आहे.

येणं आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रात त्या एकत्र बांधल्यात. आमच्या वर्गात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण नेहमी साक्ष देतो, येशूनं माझं सगळं धुऊन टाकलं, आता मागचं काढू नका. साक्ष सुरेख असते. त्याच्या साक्षीत मेलेल्या माणसाचं नाव कधी येत नाही. दुसरा एक आहे, जन्मठेपेचा, तो कधी साक्षीला उभा राहत नाही. त्यानं एकदा मला विचारलं, मयताच्या आईला पत्र लिहू का? मी उत्साहानं हो म्हणणार तेवढ्यात तोच म्हणाला, नको, तिला ते उघडावं लागेल. त्याऐवजी तुरुंगातल्या कामाचे पैसे तिच्यापर्यंत नाव न सांगता पोचतील का, याची तो अधिकाऱ्यांकडे चौकशी करत असतो. त्या आईची क्षमा त्यानं मागितलेली नाही, मागणारही नाही बहुतेक.

इ.स. ४१२च्या सुमाराला संत ऑगस्टिननी मार्सेलिनस नावाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. विरोधी पंथाच्या लोकांनी त्यांच्या एका धर्मगुरूला ठार मारलं होतं, दुसऱ्याचा डोळा काढला होता, बोट तोडलं होतं, आणि पकडल्यावर गुन्हा कबूलही केला होता. ऑगस्टिन विनवतात, यांना मारू नका, यांचेही डोळे काढू नका, पण मोकळेही सोडू नका. हातपाय शाबूत ठेवून काहीतरी उपयोगी कामाला जुंपा. सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे हे. माझं म्हणणं तेवढंच. त्या माणसाला जिवंत ठेवा, मंडळीच्या जवळ ठेवा, पण मुलांच्या जवळ कधीही नाही. कधीही म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा विचार करू असं नव्हे.

नास्तिक_नाना

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांसाठी नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाबद्दल कोणी बोललं नाही अजून. अध्यक्ष आर्चबिशप टुटू, म्हणजे तुमचाच माणूस. तिथे तर क्षमा आणि शिक्षामाफी एकच करून टाकली ना?

वकीलबाई

नाना, तसं नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. तिथे शिक्षामाफीसाठी क्षमा मागण्याची अटच नव्हती. अट होती संपूर्ण सत्य सांगण्याची, आणि गुन्हा राजकीय हेतूनं झालेला असण्याची. ७११२ अर्ज आले, ८४९ मंजूर झाले. पोलिसांच्या ताब्यात मारले गेलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी तर या कायद्यालाच घटना न्यायालयात आव्हान दिलं होतं, आमचा न्याय मागायचा हक्क सरकार कसा सोडून देतं म्हणून. १९९६ मध्ये ते हरले. पण बिकोंच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांनी शिक्षामाफी मागितली तेव्हा ती १९९९ मध्ये नाकारली गेली, कारण ते खरं सांगत नव्हते. खरी चूक पुढे झाली: ज्यांना नाकारलं त्यांच्यावर खटले भरायचे होते, ते सरकारनं फारसे भरलेच नाहीत. टुटूंनीही त्याबद्दल सरकारला सुनावलं होतं.

ओलावाताईंच्या कामाचं त्यातलं एकच: आधी पूर्ण सत्य, मग बाकीची चर्चा. पत्रात त्यानं काय केलं ते त्याच्या शब्दांत लिहिलंय का, की "माझ्याकडून चूक घडली"?

ओलावा

आत्ता पुन्हा काढून पाहिलं. "भूतकाळातील दुर्बलतेच्या क्षणी."

अनामिका

क्षण. बरं.

निवृत्त_पाळक

मग ताई, बैठकीत बाकी सगळ्याच्या आधी या वाक्यावर बोट ठेवा. ज्याला तो अजून क्षण म्हणतो त्याची क्षमा कसली मागतोय? लूक १७:३ मध्ये प्रभूनं क्रम सांगितलाय: तुझ्या भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवायचं काम मंडळीचं आहे. ते न करता क्षमेवर उडी मारणं म्हणजे त्या माणसाचंही नुकसानच आहे.

उपासनेला यायचं म्हणत असेल तर लेखी अटी घाला. सोबत कायम एक ठरलेला माणूस, यायची-जायची वेळ ठरलेली, मुलांच्या खोल्यांकडे आणि स्वच्छतागृहांकडे एकट्यानं जायचं नाही, कसलंही पद किंवा माइक नाही, आणि अटी मोडल्या तर दार बंद. ज्या चर्चमध्ये मुलीचं कुटुंब येतं तिथे तर नाहीच. दुसऱ्या मंडळीच्या पाळकांना सगळं खरं सांगून, त्यांची तयारी असेल तर तिकडे. गुपचूप शिफारसपत्र देऊन पाठवू नका, जपमाळताईंनी वर लिहिलंय तेच होईल.

गव्हाचा_दाणा

अटींचा कागद दिल्यावर तो काय विचारतो ते बघा. "सोबत येणाऱ्याला बाहेरगावी जायचं झालं तर मी त्या रविवारी घरी थांबू का?" असं विचारणारे मी पाहिलेत. "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही?" असं विचारणारेही.

ओलावा

मुलीच्या घरच्यांना विचारून घ्यावं का, तुमची हरकत आहे का म्हणून? कमिटीत एकानं तसं सुचवलंय.

अनामिका

कृपा करून नको. हरकत आहे म्हटलं की उद्या मंडळीत बोभाटा, यांच्यामुळे एक आत्मा हरवला. हरकत नाही म्हटलं की तुमच्या हातात पावती. निर्णय कमिटीनं घ्यावा आणि अंगावरही कमिटीनंच घ्यावा. त्यांना फक्त सांगा की असं पत्र आलंय, आम्ही त्याला पद देणार नाही, इथे येऊ देणार नाही, तुम्हाला आणखी काय हवंय? समुपदेशनाचा खर्च मंडळीनं कधी उचलला होता का? नसेल तर तो विषय त्याच बैठकीत घ्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

ओलावा

नाही उचलला. विषयपत्रिकेवर घालते, पहिल्या क्रमांकावर. बैठक पुढे ढकलायला अध्यक्ष तयार झालेत. त्याआधी मी आणि कमिटीतली आणखी एक बाई मुलीच्या आईकडे जाणार आहोत. पत्राची प्रत बरोबर न्यायची का?

वकीलबाई

न्या, पण पाकिटात बंद. आहे एवढं सांगा, मागितली तरच द्या. मुलगी आता सज्ञान असेल तर आईला आधी विचारा की तिला कोणी सांगायचं, तुम्ही की आईनं. आणि अध्यक्षांना बरोबर घेऊ नका, त्यांची त्या माणसाशी ओळख असेल तर नक्कीच नको.

अनामिका

आणि जाताना प्रार्थना करू का असं विचारू नका. त्यांनी म्हटलं तर करा.